एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणक या विषयावर बोलण्याचा आम्हांस यत्किंचितही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि पुढे सारा जन्म केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात, या गावाहून त्या गावी बदल्या घेत काढला. असे असता या व्यासपीठावर आम्ही उभे आहोत याचे कारण आपले कार्यवाह. "मंडळाच्या संगणकाचे तुम्ही जे काय केलेत ते एकदा सर्वांना सांगा," अशी त्यांची आज्ञा झाली. 'जे काय केलेत' या शब्दांत कौतुक किती आणि तक्रार किती, याचा निवाडा आम्हांस अद्याप करता आलेला नाही. आपणच तो करावा.

ग्रंथालयातील कोपऱ्यातला संगणक आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मंडळाने तो २०१६ साली घेतला. त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती, आणि आजही आहे. ही प्रणाली २०१५ च्या जुलै महिन्यात बाजारात आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिची नित्याची डागडुजी बंद होईल असे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. याचा अर्थ त्या दिवशी यंत्र बंद पडणार होते असा नव्हे. नव्याने उघडकीस येणारी छिद्रे त्यानंतर बुजविली जाणार नव्हती, एवढाच. एखाद्या वर्षाची मुदतवाढ मिळण्याची सोय होती, पण मुदतवाढ म्हणजे काय हे सरकारी नोकराला निराळे सांगावे लागत नाही. विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपला प्रोसेसर सहाव्या पिढीचा. यंत्र चालते, पंखा फिरतो, पडदा स्वच्छ दिसतो आणि तरीही ते निकालात, अशी ही अवस्था.

कार्यकारिणीत दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, नवा संगणक घ्यावा. सुवर्णमहोत्सवाचा खर्च डोळ्यांसमोर असलेल्या खजिनदारांनी त्यावर जे मौन धारण केले ते पुरेसे बोलके होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, विंडोज पुसून टाकावी आणि विनामूल्य मिळणारी लिनक्स घालावी. हा पक्ष तरुणांचा होता, आणि त्यांचा उत्साह पाहून आम्हीही क्षणभर त्यांच्याकडे झुकलो. परंतु दोन गोष्टी आड आल्या. एक, खजिनदारांचा जमाखर्चाचा प्रोग्रॅम, जो विंडोजवरच चालतो. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. आपल्या ग्रंथालयातील सहा हजारांवर पुस्तकांची यादी आणि वार्षिक अंकांचा मजकूर ज्या जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या पॅकेजमध्ये आहे, तेही विंडोजवरच चालते. त्याची किल्ली म्हणून संगणकाच्या पाठीशी एक डोंगल खोचावे लागते, आणि ते काढले की पॅकेज मुके होते. ही यादी आपले ग्रंथपाल अण्णा यांनी अकरा वर्षे, आठवड्यातून दोन संध्याकाळी बसून, एका बोटाने टंकलेली आहे.

तेव्हा असे ठरले की विंडोज जागची हलवावयाची नाही. त्याच यंत्रात तिच्या शेजारी लिनक्सला जागा करून द्यावयाची.

लिनक्स म्हणजे काय, हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली असा संकल्प सोडला की, कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी कार्यप्रणाली रचावयाची. तिचे नाव त्यांनी ग्नू ठेविले. बहुतेक भाग तयार झाले, गाभा मात्र अपुरा राहिला. तो १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेखातर लिहावयास घेतला, आणि पुढल्याच वर्षी ग्नूच्या परवान्याखाली सर्वांस खुला केला. गाभा आणि त्याभोवतीचा संसार एकत्र बांधून जे गाठोडे देतात त्याला 'डिस्ट्रो' म्हणतात. अशी गाठोडी पुष्कळ आहेत. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाचे एक काढले. आम्ही घेतले ते लिनक्स मिंट, जानेवारी २०२५ ची २२.१ ही आवृत्ती, आणि तिचा 'एक्सएफसीई' नावाचा हलका अवतार. कारण आपल्या यंत्राची स्मृती अवघी चार जीबी आहे. तिची डागडुजी २०२९ पर्यंत होत राहील.

आता 'शेजारी' म्हणजे काय? संगणकाची हार्ड डिस्क हा एक जुना वाडा समजा. आजवर त्यात एकच बिऱ्हाड नांदत होते आणि साऱ्या खोल्यांत त्याचे सामान पसरलेले होते. त्याला म्हणावयाचे, मागच्या दोन खोल्यांतले सामान पुढे घ्या. मग मध्ये भिंत घालावयाची. याला पार्टिशन म्हणतात. मागच्या खोल्यांत नवे बिऱ्हाड येते. देवडी दोघांची सामाईक, आणि तीत एक देवडीवाला बसतो, त्याचे नाव ग्रब. यंत्र सुरू केले की तो विचारतो, "कोणाकडे?" आपण बाणाच्या कळीने बोट दाखवावयाचे, म्हणजे तो त्या दारी नेऊन सोडतो. दहा सेकंदांत काही बोलला नाहीत, तर त्याच्या मर्जीचे दार उघडतो. दोन्ही बिऱ्हाडे एकाच वेळी जागी नसतात, एक उठले की दुसरे निजलेले. या शेजारात थोडा एकतर्फीपणाही आहे. लिनक्सला विंडोजच्या खोल्या उघडून फायली पाहता येतात. विंडोजला मात्र भिंतीपलीकडे कोणी राहते एवढेच कळते, कोण ते कळत नाही.

ऐकावयास हे सोपे वाटते, आणि खरोखर ते फारसे अवघड नाही. अवघड आहे ते पूर्वतयारीत. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' म्हणून एक सोय असते. तीमुळे यंत्र बंद केले तरी विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि तिच्या खोल्या कुलूपबंद राहतात. ती सोय आधी काढावी लागते. डिस्कवर बिटलॉकरचे संरक्षण असल्यास त्याची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी लागते. आपल्या यंत्रावर ते नव्हते, पण अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर मालकाला पत्ता नसताना ते चालू असते, म्हणून येथे मुद्दाम सांगतो. आणि सर्वांत पहिली, सर्वांत कंटाळवाणी गोष्ट म्हणजे सर्व फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेणे. हे सर्व आम्ही केले होते. निदान तसा आमचा समज होता.

जून २०२५ मधील तो रविवार. आमच्या सोबत आपल्या एका सभासदांची अभियांत्रिकी शिकणारी कन्या होती. खरे काम तिचेच, आम्ही केवळ वयाने प्रमुख. अण्णा खुर्ची ओढून मागे बसले होते. दुपारी चारच्या सुमारास विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन, मागच्या बाजूस एकशेवीस जीबी जागा मोकळी करण्याची आज्ञा आम्ही दिली. यंत्र सामान हलवू लागले. बाहेर वारा सुटला, धूळ उडाली, वळवाचा पहिला थेंब टपोऱ्या आवाजाने पत्र्यावर पडला आणि वीज गेली. यूपीएसने एक शीळ घातली आणि प्राण सोडला. त्याची बॅटरी फुगली आहे हे आम्हांस दोन महिन्यांपासून माहीत होते. ही चूक सर्वस्वी आमची.

चाळीस मिनिटांनी वीज आली. यंत्र सुरू केले, तो काळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी चालू झाली. टक्केवारी बारापर्यंत चढली आणि तेथेच थांबली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना धीर यावा म्हणून आम्ही म्हणालो, "अण्णा, काळजी नको. नक्कल आहे आपल्याजवळ." मुलीने आपल्या लॅपटॉपला बाहेरची डिस्क जोडली आणि यादीची फाईल उघडली.

पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, आकडे, टिंबे, डॉलरची चिन्हे, कंस यांचा पानेच्या पाने चिखल होता. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, माझी अकरा वर्षं ही अशी दिसतात होय?"

याचे कारण त्या वेळी आम्हांस त्या मुलीने समजावून सांगितले. ते सर्वांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा ठेवा पडून असेल. जुन्या मराठी पॅकेजांत संगणकाच्या लेखी 'म' हे अक्षरच नसते. तो साठवितो एखादे इंग्रजी अक्षर, आणि त्या पॅकेजचा फॉन्ट त्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'म' चे चित्र काढतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, नाही तर चिखल. आणि प्रत्येक पॅकेजचा संकेत निराळा. पुढे युनिकोड आले. त्यात जगातील लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे असे क्रमांक आहेत. देवनागरीचा मुलूख २३०४ पासून २४३१ पर्यंत, त्यात 'क' चा क्रमांक २३२५. तो येथेही तोच, हेलसिंकीतही तोच. पण अण्णांची यादी युनिकोडात नव्हती. आम्ही सर्व फायलींची नक्कल घेतली होती. फॉन्टची घेतली नव्हती. यादी आमच्या हाती होती आणि नव्हतीही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे सुमारे तीन तास त्या बाराच्या आकड्याकडे पाहत बसलो. पाऊस थांबला. मुलीच्या घरून दोन फोन आले. तिने "अजून थोडा वेळ" म्हणून सांगितले. अण्णांनी कपाटातून पुस्तके काढून ती पुन्हा लावली, जी लावलेलीच होती. आमच्या मनात काय चालले होते ते सांगण्यात अर्थ नाही. सेवेत असताना लेखापरीक्षणाचे आक्षेप आम्ही पुष्कळ झेलले, पण त्या आक्षेपांना निदान उत्तर लिहिता येत असे. रात्री पावणेनऊला आकडा हलला, भराभर चढला आणि विंडोजचा परिचित पडदा दिसला. अण्णांनी आम्हांस बाजूस सारून स्वतः माऊस हाती घेतला. यादी उघडली. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत खाली गेले, पुन्हा वर आले, आणि म्हणाले, "आहे." त्यानंतर मुलीने प्रथम फॉन्टचे संपूर्ण फोल्डर बाहेर काढले. मग सबंध यादीची पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो आणि ती कोठेही वाचता येते. ही दोन कामे आधी केली असती, तर ते तीन तास वाचले असते.

दोन आठवड्यांनी, यूपीएसला नवी बॅटरी घालून, पुन्हा बसलो. या वेळी अण्णा दाराशी उभे होते. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन ती आधी तेथूनच चालवून पाहता येते, डिस्कला हातही न लावता. ही फार सोयीची गोष्ट आहे. आवाज, पडदा, वाय-फाय सर्व चालते ना, हे पाहूनच पुढे जावे. पुढे गेलो तो पुन्हा एक खड्डा. 'विंडोजच्या शेजारी बसवा' असा पर्याय पडद्यावर यावयास हवा होता. तो दिसेना, आणि 'डिस्क पुसून बसवा' एवढाच दिसू लागला. घाई करणारा मनुष्य येथेच सर्वस्व घालवितो. आम्ही यंत्र बंद केले. शोध घेता असे कळले की, यंत्र सुरू होताना एफ१२ दाबले असता जी यादी येते तीत एकच पेनड्राइव्ह दोन वेळा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा 'यूईएफआय' हा शब्द लावून. विंडोज या दुसऱ्या पद्धतीने बसविलेली होती. आम्ही पहिल्या नावाने आत शिरलो होतो, म्हणून शेजाऱ्याची ओळखच पटली नाही. योग्य नावाने शिरताच हवा तो पर्याय पहिल्या ओळीत हजर झाला. पुढचे काम चहा होईस्तोवर आटोपले.

दुसऱ्या दिवशी खजिनदारांचा दूरध्वनी आला की संगणकाचे घड्याळ बिघडले, संध्याकाळी सात वाजता दुपारचा दीड दाखविते. ही खोड दोन प्रणालींच्या मतभेदातून येते. लिनक्स यंत्रातील घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि दाखविताना आपले साडेपाच तास मिळविते. विंडोज त्याच घड्याळातील वेळ स्थानिक समजून जशीच्या तशी वाचते. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ ठेवावयास सांगितले, म्हणजे तंटा मिटतो. दुसरा तंटा देवडीवाल्याने कोणाचे दार आधी उघडावे याचा होता. खजिनदार म्हणाले विंडोज, तरुण म्हणाले लिनक्स. ग्रबला अशी सूचना देता येते की, मागच्या वेळी जेथे गेला होतास तेच दार पुढच्या वेळी आधी धर. तशी दिली. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. विंडोजची मोठी डागडुजी येते तेव्हा देवडीची व्यवस्था कधीकधी बिघडते. ऑगस्ट २०२४ मधील अशा एका डागडुजीनंतर कित्येकांची लिनक्स सुरू होईनाशी झाली होती. म्हणून तो पेनड्राइव्ह पुसू नये, जपून ठेवावा.

आता ज्याला आम्ही या कामाचा खरा भाग समजतो, तिकडे वळतो. बिऱ्हाड आले, पण घर लागावयाचे होते. लिनक्सची भाषा निवडीतून मराठी केली. महिने, वार, पुष्कळशी विधाने मराठीत आली. काही इंग्रजीतच राहिली, कारण ही भाषांतरे स्वयंसेवक करतात आणि ती पुरती झालेली नाहीत. पडद्यावर १९७६ च्या स्थापनेच्या दिवसाचे छायाचित्र लावले. अक्षरे मोठी केली. मात्र अण्णा पडद्याजवळ येऊन म्हणाले, "हा ल आपला नव्हे." त्यांचे खरे होते. हिंदीच्या वळणाचे 'ल' आणि 'श' निराळे, आपल्या अंकलिपीतले निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळण निश्चितही केले आहे. लिनक्समध्ये 'लोहित'चा मराठी फॉन्ट घातला, आणि 'ल' घरी परतला. पन्नास वर्षे हिंदी मुलखात राहून मराठी सांभाळणाऱ्या मंडळात यावर कोणी हसले नाही.

टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी घेतली. तिची आखणी १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने केली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अण्णांनी ती शिकून घेतली. जुन्या यादीचे युनिकोडात रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळाला. त्याने सहा हजार नोंदी मिनिटभरात पालटल्या, पण 'ऱ' पाशी तो सर्वत्र अडखळला. 'कऱ्हाड' चे 'कर्हाड' झाले, 'दऱ्या' चे 'दर्या' झाले, म्हणजे दऱ्यांच्या जागी समुद्र आला. इंग्रजी शब्दांतला 'ॲ' ही कित्येक ठिकाणी विस्कटला. या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली तीच मुळी २००८ साली. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. अण्णा रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. इनस्क्रिप्टमध्ये 'जे' या कळीवर 'र' आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की 'ऱ'. त्या कळीवरचे अक्षर आता निम्मे पुसले गेले आहे.

सर्व सुरळीत झाले असे मात्र समजू नये. मंडळाचा जुना लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाही. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा त्याने कोरा कागद बाहेर टाकला. त्यामुळे छपाईच्या वेळी पीडीएफ विंडोजच्या खोलीत ठेवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. ऑक्टोबर २०२५ पासून विंडोजचा इंटरनेटशी संबंध आम्ही तोडून टाकला आहे. ती आता खजिनदारांचा शनिवार, छपाई आणि जुन्या अंकांचा मजकूर एवढ्यापुरतीच जागी होते. बाकी सर्व व्यवहार पलीकडच्या बिऱ्हाडातून चालतो. यादी तपासून 'म' पर्यंत आली आहे.

ज्या सभासदांना आपल्या घरच्या संगणकावर असे काही करावयाचे असेल, त्यांनी गुरुवारी किंवा रविवारी सायंकाळी पाच ते सात या वेळात ग्रंथालयात यावे. येताना बाहेरची डिस्क आणावी, आणि जुने मराठी फॉन्ट असल्यास ते आधी तिच्यावर घेतलेले असावेत. लिनक्सचा पेनड्राइव्ह अण्णांच्या खणात असतो, त्यास लाल दोरा बांधला आहे. तसाच दुसरा एक दिवाळीत कोणी सभासद घेऊन गेले, त्याची नोंद वहीत नाही. त्यांनी तो कृपया आणून द्यावा.